बाबांच्या पलंगामागची तार

आमच्या घरात टेलिफोनची तार बाबांच्या खोलीतून आत येते. खिडकीच्या चौकटीला पाडलेल्या भोकातून ती शिरते आणि पलंगाच्या डोक्यामागे भिंतीवर एक पिवळी पडलेली डबी आहे, तिथे संपते. फोन घेतला तेव्हा ती बैठकीची खोली होती. आलेगेले तिथे बसायचे, फोनही तिथेच वाजायचा. पुढे बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. पालघरच्या दवाखान्यातून तीन आठवड्यांनी त्यांना घरी आणलं, तेव्हा लोखंडी पलंग आणि चाकाची खुर्ची मावेल अशी तेवढी एकच खोली निघाली. सोफा बाहेर गेला आणि बाबा आत आले. फोनची डबी होती तिथेच राहिली.

मी तेव्हा पुण्यात होते. एकटीच राहायचे आणि पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी फोनवर घ्यायचं काम करायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. भावंड कोणी नाही. त्यामुळे बाबांकडे कोण राहणार हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. मी दोन बॅगा भरल्या आणि कंपनीकडे घरून काम करायची परवानगी मागितली. ती मिळाली. पत्रात एकच अट होती: घरात वायरचं इंटरनेट पाहिजे, मोबाइलचं चालणार नाही.

आमचं घर बोईसरहून मुरब्याकडे येणाऱ्या रस्त्यापासून आत, वाडीत आहे. चारी बाजूंनी चिकू आणि नारळ, वर कौलं. मोबाइलची रेंज विहिरीच्या कट्ट्यावर उभं राहिलं तर मिळते, घरात शिरलं की जाते. फायबरची केबल मुख्य रस्त्यापर्यंत आली होती. वाडीत कधी येणार असं विचारलं की येईल येईल म्हणायचे. उरली ती जुन्या फोनची तांब्याची तार. बाबांनी ती कधी काढून टाकली नव्हती, एवढंच नशीब.

लाइनमन पहिल्यांदा आला तो जोडणी करायला. पन्नाशीचा, सडपातळ माणूस, पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. स्कूटरला शिडी बांधून यायचा. आमच्या भागातली तांब्याची लाइन सांभाळणारा तो एकटाच उरला होता. त्याने डबी उघडली आणि एक छोटा चौकोनी ठोकळा लावला. त्याला तो स्प्लिटर म्हणाला. एका बाजूला फोन जोडला, दुसऱ्या बाजूला मोडेम.

मी विचारलं, "एकाच तारेतून दोन्ही कसं जाणार? मी फोनवर बोलत असले तर नेट बंद पडेल का?"

"नाय पडणार बाई," तो म्हणाला. "आमच्या भजनात पेटी असते ना, तिच्यात खालच्या पट्ट्या असतात नि वरच्या असतात. माणूस बोलतो ते सगळं खालच्या दोनचार पट्ट्यांत मावतं. वरच्या पट्ट्या ह्या तारेवर इतकी वर्षं रिकाम्याच पडल्या होत्या. नेट तिथून जातं. आपल्या कानाला ते ऐकू येत नाय. हा ठोकळा दोघांना वेगळं करतो, दुसरं काय नाय."

मग त्याने मोडेमवरचा एक दिवा दाखवला. तो लुकलुकत होता. "आता तो एकेक पट्टी दाबून बघतोय. कुठची वाजते, कुठची फुटकी हाय. एक्सचेंजमधल्या मशीनशी त्याचं चाललंय. चांगल्या पट्ट्या धरायच्या, खराब सोडायच्या. तुमचं घर एक्सचेंजपासून लांब हाय, तीन किलोमीटरच्या वर. तार जेवढी लांब तेवढ्या वरच्या पट्ट्या मरत जातात. पण तुमचं काम होईल."

दिवा स्थिर झाला. तो निघताना मी मुद्दाम विचारलं, की काम बोलण्याचं आहे, आवाज नीट जाईल ना. तो म्हणाला, "येणारं तुम्हाला भरपूर येईल. जाणाऱ्याला पट्ट्या थोड्याच ठेवलेल्या असतात. लोक घेतात जास्ती, पाठवतात कमी, म्हणून तसं केलंय. पण आवाजाला पुरे हाय. फक्त लाइन स्वच्छ राहायला पाहिजे."

मोडेम मला माझ्या टेबलावर हवा होता, आणि टेबल होतं शेजारच्या खोलीत. बाबांच्या खोलीत बसून काम करणं शक्य नव्हतं. त्यांचं खाणं, खोकणं, साफसफाई सगळं तिथेच. मी बोईसरच्या एका दुकानातून टेलिफोनची लांब चपटी वायर आणली, डबीपासून पलंगाच्या मागून भिंतीच्या कडेकडेने नेली, दाराच्या फटीतून टेबलापर्यंत आणली. पलंगाला लागणाऱ्या विजेच्या वायरीही तिथूनच गेल्या होत्या. सगळ्यांना मिळून मी चिकटपट्टी मारली. नीटनेटकं दिसत होतं.

आणि मग दिवस सुरू झाले. सकाळी सातला बाबांचं करायला ठेवलेल्या मावशी यायच्या. त्या मुरब्याच्या कोळीवाड्यातल्या, दणकट हाडाच्या बाई. आम्ही दोघी मिळून बाबांना आंघोळ घालायचो, चादर बदलायचो. साडेआठला मावशी जायच्या आणि मी कानाला हेडफोन लावायची. साडेपाचपर्यंत माझं जग म्हणजे टेबल, दार आणि दारातून दिसणारे बाबांचे पाय. बाबांच्या डाव्या हाताशी स्टुलावर एक स्टीलचा पेला आणि चमचा ठेवलेला असायचा. काही हवं असलं की ते चमच्याने पेला वाजवायचे. मी समोरच्या ग्राहकाला "एक मिनिट थांबा हं" म्हणून उठायची. किती वेळा उठले, किती मिनिटं जागेवर नव्हते, हे सगळं कंपनीच्या संगणकाला कळायचं.

बाबांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. एक शब्द राहिला होता: "चला". पाणी हवं असेल तरी चला, नको असेल तरी चला, मावशींना पाहून खूश झाले तरी चला. समजत मात्र त्यांना सगळं होतं. तारापूरच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं बॉयलर आणि कॉम्प्रेसर सांभाळले होते. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून कुठली बेअरिंग गेली ते सांगायचे. डॉक्टर म्हणाले होते, त्यांच्याशी बोलत राहा, आत सगळं पोचतंय.

मी फारशी बोलायची नाही. दिवसभर परक्या माणसांशी बोलून तोंड दुखायचं. आणि खरं सांगायचं तर, त्या घरात मी कोंडले गेले होते आणि त्याचं कारण त्या पलंगावर होतं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. पण संध्याकाळी पेज भरवताना माझा चमचा जरा घाईनेच चालायचा.

सातआठ महिने लाइन बरी चालली. मग ती पडायला लागली. आधी दिवसातून एकदा, मग तासातून एकदा. तिची पडण्याची एक तऱ्हा होती. मी बोलत असायचे, "हो काकू, फिल्टरच्या खालचा नळ बंद करा," आणि पलीकडून यायचं, "हॅलो? हॅलो? अहो, तुमचा आवाज येत नाही." मला त्यांचं अगदी स्वच्छ ऐकू यायचं. त्यांच्या स्वयंपाकघरातला कुकर ऐकू यायचा. त्या नवऱ्याला म्हणायच्या, "फोन ठेवला वाटतं बाईने," तेही ऐकू यायचं. मी ओरडायची, "मी आहे, मी इथेच आहे, माझा आवाज येतोय का?" आणि कुणाला काही ऐकू जायचं नाही. मग मोडेमचा दिवा लुकलुकायला लागायचा, म्हणजे सगळं तुटलं आणि एकेक पट्टी तपासत त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दीडदोन मिनिटं मी त्या दिव्याकडे बघत बसायची.

आमच्या गटाच्या सुपरवायझर बाई माझ्याहून लहान होत्या. पहिल्यांदा सांभाळून बोलल्या. मग एका दुपारी म्हणाल्या, "मॅडम, मला तुमची अडचण समजते. पण ग्राहक तुम्हाला वाईट शेरा देतायत. या महिन्यात सुधारलं नाही तर मला वर कळवावं लागेल. तुम्ही बोईसरमध्ये खोली का घेत नाही?"

मी म्हटलं, "बघते." काय बघणार होते? बाबांचा पलंग, गादी, खुर्ची घेऊन कुठल्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर जाणार होते?

त्याच दिवसांत दुसरी एक भानगड सुरू झाली. बाबांच्या पलंगावर हवेची गादी होती. अशा गादीत आडव्या नळ्या असतात. पायाकडे टांगलेला छोटा पंप त्यांत आलटूनपालटून हवा भरतो. आधी एकाआड एक नळ्या फुगतात, मग खट्ट असा आवाज होतो आणि उरलेल्या फुगतात. त्यामुळे अंगाचा एकच भाग दबून राहत नाही, जखमा होत नाहीत. तो पंप दिवसभर चालू ठेवायचा असतो. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेले तर पंप बंद. गादी अर्धी बसलेली, बाबांच्या पाठीला खालची लोखंडी पट्टी लागत असणार. मला वाटलं, बटण सैल झालं असेल. चालू केलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा.

चौथ्या वेळी मी त्यांना पकडलंच. पाणी घ्यायला उठले होते. दारातून पाहते तर बाबांचा डावा हात स्टुलावरून हळूहळू सरकत विजेच्या बोर्डाकडे चालला होता. बोर्ड तिथेच, पेल्याच्या मागे ठेवलेला. बोटाने त्यांनी बटण बंद केलं. पंप थांबला.

"बाबा, हे काय करताय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चला," म्हणाले.

"आवाजाचा त्रास होतो? झोप लागत नाही? पण तो बंद ठेवला तर पाठीला जखम होईल. डॉक्टरांनी सांगितलंय ना तुमच्यासमोर?"

"चला, चला," ते म्हणाले आणि डाव्या हाताने माझ्या हेडफोनकडे बोट दाखवलं. हेडफोन मी गळ्यात अडकवून आले होते. मला वाटलं, जा, तुझं काम कर, असं म्हणतायत. मला राग आला. मी बोर्ड उचलला, पलंगाखाली त्यांचा हात पोचणार नाही असा ठेवला, पंप चालू केला आणि टेबलावर जाऊन बसले. त्या दुपारी लाइन आठ वेळा पडली. मी मोजली होती. मोजूनही मला काही दिसलं नाही.

चार दिवसांनी सकाळी आंघोळ घालताना मावशींनी बाबांना कुशीवर वळवलं आणि त्यांचा हात थांबला.

"बाय, इथं ये जरा. हे बघ काय हाय."

माकडहाडाच्या वर रुपयाएवढा लालकाळा डाग होता. मधली कातडी सुटली होती.

"हे आजचं नाय," मावशी म्हणाल्या. "आतून आधीच झालं असणार. आता वर आलं. गादीला हवा नव्हती काय?"

मी म्हटलं, "ते स्वतःच पंप बंद करत होते." माझा आवाज तक्रारीचा होता, लहान मूल दुसऱ्याचं नाव सांगतं तसा. मावशींनी बाबांच्या खांद्यावर पाणी घातलं आणि हळूच पुसलं.

डॉक्टर येऊन पाहून गेले. रोज मलमपट्टी, दर दोन तासांनी कूस बदलायची आणि गादी एक क्षणही बंद ठेवायची नाही. दर दोन तासांनी, म्हणजे माझ्या कामाच्या वेळात चार वेळा. एकटीने त्यांना वळवायला मला दहाबारा मिनिटं लागायची. पलीकडे कंपनीच्या पडद्यावर माझ्या नावापुढे लाल खूण उमटायची.

लाइनची तक्रार मी नोंदवलीच होती. त्याच आठवड्यात लाइनमन आला. त्याने खांबावर चढून पेटी उघडली, तारांची टोकं घासून पुन्हा बांधली, कानाला लावायच्या टेस्टिंगच्या फोनने लाइन ऐकली. मग खिडकीबाहेर आमच्या घरची तार सोडवली आणि आपलं यंत्र तिथेच लावून बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मी मधल्या सुट्टीत बाहेर आले.

"बाहेर लाइन चोख हाय," तो म्हणाला. "पाणी नाय, गंज नाय. अर्धा तास झाला, एकदा पण पडली नाय. काय हाय ते घरात हाय बाई."

"घरात काय असणार? मोडेम तर तुम्हीच दिलेला."

त्याने घरची तार पुन्हा जोडली आणि पिशवीतून एक छोटा रेडिओ काढला. जुना, काळा, एरियल तुटलेला. जिथे कुठलंच स्टेशन लागत नाही अशा जागी काटा आणून ठेवला. नुसती खरखर येऊ लागली.

"तुमच्या मोडेमच्या पट्ट्या नि ह्या रेडिओच्या पट्ट्या शेजारीशेजारी हायत," तो म्हणाला. "मोडेमला जे त्रास देतं ते ह्याला पण ऐकू येतं. चला, घरातून फिरू."

आम्ही फिरलो. फ्रिजजवळ थोडं गुणगुणलं. इन्व्हर्टरजवळ थोडं. माझ्या टेबलाजवळ काहीच नाही. तो बाबांच्या खोलीच्या दारात आला, चपला बाहेर काढल्या, बाबांना हात जोडले. रेडिओ पुढे धरून तो पलंगाच्या पायाकडे गेला आणि खरखर एकदम कर्कश झाली. पत्र्यावर खिळा ओढावा तशी. पंपातून खट्ट झालं आणि त्या क्षणी रेडिओ किंचाळला. शेजारच्या खोलीत टेबलावरच्या मोडेमचा दिवा दारातून मला दिसत होता. तो लुकलुकायला लागला.

लाइनमनने खाली वाकून पंपाचं बटण बंद केलं. रेडिओ शांत झाला. पुन्हा चालू केलं. कर्र. त्याने तसं तीन वेळा केलं, माझी खात्री पटावी म्हणून.

"आत कुठंतरी ठिणगी उडते हाय," तो म्हणाला. "जुना झाला. खाऱ्या हवेने आतलं तांबं खाल्लं असणार."

मी बाबांकडे पाहिलं. ते रेडिओकडे पाहत नव्हते. माझ्याकडे पाहत होते. आणि त्यांचा डावा हात स्टुलावर, जिथे आधी बोर्ड असायचा त्या रिकाम्या जागेवर होता.

त्यांना कळलं होतं. पलंगावर पडल्यापडल्या दिवसभर त्यांना दोनच आवाज ऐकू येत होते, पंपाचा आणि माझा. पंपाच्या घुमण्यात कुठेतरी खोट आली, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं असणार. मग खट्ट झालं की थोड्या वेळात शेजारच्या खोलीतून मुलगी ओरडते, "मी इथेच आहे, माझा आवाज येतोय का?" हे त्यांच्या ध्यानात आलं. सांगायला शब्द एकच होता आणि तो चुकीचा होता. म्हणून त्यांनी हातात होतं ते केलं. मी बोलायला लागले की ते पंप बंद करायचे. किती दिवस करत होते कोण जाणे. कधी पुन्हा चालू करायचे, कधी त्यांना झोप लागायची. पाठीखालची हवा जाताना त्यांना कळत नव्हतं असं नाही. डाव्या बाजूला जाणीव शाबूत होती.

"बाबा, माझ्यासाठी बंद करत होतात?" मी विचारलं.

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

अशा वेळी मुलीला रडू यावं. मला आलं नाही. मला राग आला, आधीच्यापेक्षा जास्त. आत्तापर्यंत मी मनात एक हिशेब धरून होते, की मी यांच्यासाठी सगळं सोडून आले. आता तोही राहिला नाही. त्यांनी माझ्या नोकरीसाठी पाठीवर जखम करून घेतली होती, आणि मी बोर्ड उचलून पलंगाखाली ठेवला होता. आता या घरातून मला कुठे जाता येणार होतं? मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून नुसती उभी राहिले.

परत आले तेव्हा लाइनमन पलंगामागची माझी चपटी वायर हातात धरून बसला होता.

"हे कोणी टाकलं?"

"मी."

त्याने खिशातून टेलिफोनच्या जुन्या तारेचा तुकडा काढला, वरचं प्लास्टिक सोललं. आत दोन बारीक तारा एकमेकींना पीळ घालून गेल्या होत्या. "हा पीळ उगाच नसतो," तो म्हणाला. "बाहेरून त्रास आला तर तो दोघींवर सारखा पडतो. पलीकडचं मशीन दोघींतला फरक तेवढा बघतं. सारखं आलेलं वजा होऊन जातं. खांबाखांबावरून तीन किलोमीटर तार येते ती ह्या पिळावर येते. तुमची ही वायर चपटी हाय, दोघी नुसत्या शेजारी झोपल्यात. एकीवर जास्त पडतं, एकीवर कमी. नि ती तुम्ही विजेच्या वायरीला चिकटवली, पंपाच्या बाजूने नेली. पंपाचा सगळा कचरा उचलून ती मोडेमकडे नेते."

"म्हणजे चूक माझीच."

"चूक कशाची," तो म्हणाला. "तुम्हाला कोण सांगणार होतं?"

त्याने ती वायर काढून टाकली. खिडकीबाहेरून भिंतीच्या कडेने पीळ घातलेली नवी तार थेट माझ्या खोलीत आणली, डबी तिथे बसवली, ठोकळा आणि मोडेम शेजारीशेजारी लावले. बाबांच्या खोलीत फोनपुरती एक वेगळी तार सोडली. तासाभराचं काम होतं. मग त्याने रेडिओ पुन्हा चालू करून पंपाजवळ धरला. तो तसाच किंचाळला. पण मोडेमचा दिवा हलला नाही.

"तरी पंप बदला," तो म्हणाला. "तो कधीतरी जळेल. नि बाबांना कुशीवर वळवताना मला हाक मारा, मी आता इथंच हाय." आम्ही दोघांनी मिळून बाबांना वळवलं. त्याने शिडी उचलायच्या सवयीने एका दमात त्यांना उचललं. बाबा त्याला म्हणाले, "चला." तो म्हणाला, "चला बाबा, अजून चार घरं हायत." बाबांच्या शब्दाला इतकं सरळ उत्तर त्याआधी कोणी दिलं नव्हतं. बाबा हसले, अर्ध्या तोंडाने.

नवा पंप दोन दिवसांत आला. लाइन पुढे पडली नाही असं नाही, पण ती वाऱ्याने, फांदीने, सगळ्यांच्या लाइनी पडतात तशी पडायची. मी सुपरवायझर बाईंना फोन केला आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. तोपर्यंत कंपनीत मी एवढंच सांगितलं होतं की वडील आजारी आहेत. जखम, पंप, दर दोन तासांची कूस, सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटलं, लाइन गेली.

"मॅडम, आहे मी," त्या म्हणाल्या. "लिहून उत्तरं द्यायचा एक गट आहे. ग्राहक टाइप करतात, आपण टाइप करायचं. मधे पाचदहा मिनिटं उठलं तरी चालतं. बढती मिळणार नाही त्यात, ते आधीच सांगते. तुम्हाला हवंय का?"

मी हो म्हटलं.

जखम भरायला अडीच महिने लागले. रोज सकाळी मावशी आणि मी पट्टी सोडायचो, मिठाच्या पाण्याने धुवायचो, मावशी मान वाकडी करून बघायच्या आणि म्हणायच्या, "आज बरं हाय," किंवा काहीच म्हणायच्या नाहीत. हळूहळू कडा गुलाबी झाल्या. एके दिवशी पट्टी कोरडी निघाली. मावशींनी ती चुरगळून टाकली आणि म्हणाल्या, "आता नुसतं तेल लाव." मला मोकळं वाटायला हवं होतं. मी घड्याळात पाहिलं, साडेआठ वाजले होते, आणि मी टेबलावर जाऊन बसले.

लिहिण्याच्या कामाला लाइनवर ताण नाही. अक्षरांना फारशी जागा लागत नाही, थोड्याशा पट्ट्यांतून ती आरामात जातात. हेडफोन लागत नाही. कोणी ओरडत नाही. पहिल्या आठवड्यातच मला जाणवलं की घर फार शांत झालंय. आणि बाबा पेला जास्त वाजवायला लागले. जावं तर पाणी नको, कूस नको, काही नको. मी परत आले की पुन्हा वाजवायचे. दोनतीन दिवस मी वैतागले. मग मला कळलं, की त्यांना माझा आवाज येत नव्हता. जवळजवळ वर्षभर ते रोज आठनऊ तास मला ऐकत होते. ठाण्याच्या काकूंचा गळका नळ, अकोल्याच्या मास्तरांचा फिल्टर, माझं "हो, हो, सांगते", माझं चिडणं. एवढंच त्यांचं बाहेरचं जग होतं आणि मी ते बंद केलं होतं.

तेव्हापासून मी टेबल दाराच्या जवळ ओढलं आहे. आलेला प्रत्येक मजकूर मोठ्याने वाचते आणि उत्तर टाइप करताना तेही मोठ्याने म्हणते. "नाशिकच्या बाई विचारतायत, यंत्रातून रात्रभर पाणी टपकतं, काय करू. मी लिहितेय, ताई, मागचा काळा पाइप घट्ट बसलाय का बघा." बाबा ऐकतात. एखाद्या वेळी माझं उत्तर त्यांना पटत नाही, मग चमचा पेल्यावर एकदाच वाजतो. मी थांबते, पुन्हा वाचते. बऱ्याचदा त्यांचं बरोबर असतं. मी उत्तर बदलते आणि पाठवते.